गुंतवलेले टोकन आणि परतीची वाट

बँकेत पैसे काढावयास जाणाऱ्या माणसाच्या हाती एके काळी पितळेचा एक बिल्ला पडत असे. त्यावर क्रमांक कोरलेला असे आणि त्याला सर्वजण ‘टोकन’ म्हणत. चिठ्ठी लेखनिकाकडे द्यायची, बिल्ला घ्यायचा, बाकावर बसायचे आणि रोखपाल क्रमांक केव्हा पुकारतो याची वाट पाहायची, हा शिक्षकाचा आणि कारकुनाचा पगाराच्या आठवड्यातला ठरलेला क्रम होता. त्या बिल्ल्याला स्वतःची किंमत काहीच नव्हती. रक्कम परत मिळणार आहे आणि ती कितव्या क्रमाने मिळणार आहे, एवढेच तो सांगत असे.

गेल्या काही वर्षांत हाच शब्द वेगळा अर्थ घेऊन परत आला आहे. आता टोकन हीच मालमत्ता होय, असे सांगितले जाते. ‘ब्लॉकचेन’ नावाच्या, जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिल्या जाणाऱ्या खातेवहीत तिची नोंद असते. ती नुसती बाळगण्यापेक्षा ‘स्टेक’ केली, म्हणजे अनामत म्हणून गुंतवून ठेवली, तर तिच्यावर मोबदला मिळतो. स्वतः गुंतवण्याइतकी ती नसेल, तर दुसऱ्याला प्रतिनिधी नेमून त्याच्यामार्फत गुंतवता येते. हे सारे खरे आहे. परंतु जालन्यासारख्या जिल्ह्यात ही माहिती ग्रंथांतून येत नाही, ती माणसांतून येते. ‘सर, मुद्दल कुठे जात नाही, पाहिजे तेव्हा काढून घ्या’ असे आश्वासन देणारा बहुधा परका नसतो. तो जुना विद्यार्थी असतो, भाऊबंद असतो, किंवा कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी असतो.

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्याला व्यापाराची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगाच पडली नाही. पोलादाच्या सळया आणि संकरित बियाणे या दोन धंद्यांनी या शहराचे नाव देशभर नेले, आणि या धंद्यांच्या भोवती फिरणारा पैसा केवळ बँकांतून फिरला नाही. हुंडी होती, भिशी होती, शब्दावर दिलेली उसनवारी होती. लेखी कागदावाचून व्यवहार करणे येथे बेसावधपणाचे लक्षण मानले जात नसे. उलट कागद मागणे हेच अविश्वासाचे लक्षण ठरे. आभासी चलनाच्या दलालाला अशी भूमी आयती मिळाली.

जानेवारी २०२३ मध्ये आभासी चलनातील गुंतवणुकीवरून या जिल्ह्यात परस्परविरोधी फिर्यादी दाखल झाल्या आणि त्यांच्या बातम्या राज्यभर गाजल्या. एका बाजूचे म्हणणे असे की, गुंतवलेला पैसा बुडाला, फसवणूक झाली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, त्या पैशाच्या वसुलीसाठी धाकदपटशा झाला, माणसांना डांबून ठेवले गेले. यांत खरे कोणाचे आणि दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. येथे त्या वादाचा उल्लेख एवढ्यासाठीच की, दोन्ही फिर्यादी एकाच जागी येऊन थांबतात: पैसा आत गेला, तो बाहेर कसा यावा याचा मार्ग मात्र कोणत्याही वहीत लिहिलेला नव्हता, तो एका माणसाच्या हाती आहे असे सर्वांनी धरले होते. मूळ यंत्रणेत हे असे असत नाही, म्हणून ती यंत्रणा नीट समजून घेण्याजोगी आहे.

रोखपालाची अनामत

बिटकॉइनच्या खातेवहीत नवी नोंद करण्याचा मान मिळविण्यासाठी संगणकांना अवघड आकडेमोडीची शर्यत करावी लागते आणि तीत प्रचंड वीज जळते. ही शर्यत टाळण्याची युक्ती २०१२ साली पीअरकॉइन या चलनाने प्रथम वापरात आणली. नोंदी करणाऱ्याने वीज जाळू नये, त्याऐवजी स्वतःची काही टोकने अनामत ठेवावीत. नोंदी चोख ठेवल्या तर मोबदला मिळेल, लबाडी केली तर तोटा त्याचाच, अशी त्यामागची कल्पना. इथेरियम या दुसऱ्या क्रमांकाच्या जाळ्याने १५ सप्टेंबर २०२२ रोजी हीच पद्धत स्वीकारली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ही कल्पना परकी वाटू नये. रोखपाल आणि भांडारपाल यांच्याकडून सुरक्षा अनामत घेण्याची प्रथा जुनी आहे. त्या अनामतीचा हेतू रोखपालाला श्रीमंत करणे हा नव्हता. तिजोरीत तूट आली तर वसूल करण्यास काहीतरी हाताशी असावे, हा तिचा हेतू. ‘स्टेक’ म्हणजे हीच अनामत होय. तिला ‘मुदत ठेव’ म्हणणे हा शब्दाचा विपर्यास आहे, आणि जालन्यात काय किंवा पुण्यात काय, फसवणुकीचा आरंभ बहुतेक या विपर्यासातून होतो. मुदत ठेवीत पैसा बँक वापरते आणि त्या वापराचे व्याज देते. येथे टोकन कोणीही वापरत नाही. ते जामीन म्हणून अडकून पडलेले असते आणि मोबदला मिळतो तो राखणदारीचा.

ठराव कोणाच्या नावाने?

इथेरियममध्ये स्वतंत्र नोंदकर्ता होण्यासाठी किमान ३२ इथर अनामत ठेवावे लागतात. ही रक्कम शिक्षकाच्या आवाक्यातली नव्हे. अनेक जाळ्यांनी म्हणून प्रतिनिधी नेमण्याची सोय ठेवली. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेले कॉसमॉस हे त्यांतले ठळक उदाहरण. भारतीय तरुणांनी २०१७ साली ‘मॅटिक’ या नावाने आरंभिलेले आणि पुढे ‘पॉलिगॉन’ या नावाने ओळखले गेलेले जाळे हे दुसरे. या पॉलिगॉनच्या चाचणी-जाळ्याचे नाव काही वर्षे ‘मुंबई’ असे होते, हे मराठी वाचकाला गमतीचे वाटेल.

प्रतिनिधी नेमणे म्हणजे काय, हे समजण्यास सहकाराचे उदाहरण पुरेसे आहे. जिल्हा बँकेची निवडणूक आली की गावोगावच्या सोसायट्या आपल्या वतीने मत कोणी द्यावे याचा ठराव करतात. ठराव ज्याच्या नावाने होतो त्याला मताचे वजन मिळते, परंतु सोसायटीचे भागभांडवल काही त्याच्या खिशात जात नाही. खऱ्या जाळ्यातील प्रतिनिधी-नेमणूक नेमकी अशीच आहे. टोकने धारकाच्याच नावे राहतात, ती खर्च करण्याची गुप्त किल्ली धारकाकडेच राहते, आणि प्रतिनिधी मोबदल्यातून ठरलेले कमिशन तेवढे घेतो. प्रतिनिधी पसंत नसेल तर तो बदलता येतो. तो कितीही लबाड निघाला तरी टोकने उचलून पळून जाऊ शकत नाही.

मात्र त्याच्या चुकीची शिक्षा धारकालाही भोगावी लागते, आणि हे दलाल कधी सांगत नाहीत. कॉसमॉसच्या नियमांप्रमाणे प्रतिनिधीने एकाच जागी दोन परस्परविरोधी नोंदींवर सही केली, तर त्याच्याकडे सोपवलेल्या सर्व अनामतीतील ५ टक्के हिस्सा कायमचा कापला जातो. त्याचा संगणक बराच काळ बंद राहिला, तर कपात अगदी किरकोळ असते, पण होते. प्रतिनिधी निवडणे हे म्हणून कामच आहे. तो किती कमिशन घेतो एवढेच पाहून भागत नाही. सहकारातील ठरावांचे जे झाले तेच येथेही होऊ लागले आहे: थोड्या मोठ्या प्रतिनिधींकडे बहुतेक सर्व वजन गोळा होते, आणि कॉसमॉसमध्ये धारकाने स्वतः मत दिले नाही तर प्रतिनिधीचे मत तेच त्याचे मत धरले जाते. विकेंद्रीकरणाच्या घोषणा देत जन्मलेल्या व्यवस्थेत हे घडावे, हा सहकाराच्या अभ्यासकांना ओळखीचा वाटणारा प्रकार आहे.

एकवीस दिवसांची वाट

आता मुख्य मुद्दा, म्हणजे काढून घेणे. ‘पाहिजे तेव्हा काढा’ हे वाक्य खऱ्या जाळ्याच्या बाबतीत सहसा खरे नसते. कॉसमॉसमध्ये गुंतवणूक मोडण्याची आज्ञा दिल्यानंतर टोकने मोकळी होण्यास २१ दिवस लागतात. या काळात मोबदला मिळत नाही आणि पूर्वीच्या लबाडीची कपात मात्र होऊ शकते. पहिल्या ऐकण्यात हा नियम जाचक वाटतो. परंतु जालना जिल्ह्यात बीजोत्पादनाचा प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे मर्म चटकन उमगेल. त्याने बियाणे कंपनीकडे पोचते केले म्हणजे हिशेब संपत नाही. उगवण आणि शुद्धता यांची परीक्षा होते, बियाणे ‘पास’ झाल्याचा निकाल येतो, मगच अखेरची रक्कम हाती पडते. बदली झालेल्या कारकुनाचे तरी दुसरे काय होते? पदभार सोपवावा लागतो, नादेय दाखला मिळवावा लागतो. दोष उघडकीस येण्यास अवधी लागतो, आणि तो उघडकीस येईपर्यंत अनामत हाताशी असली पाहिजे. नाही तर लबाडी करणारा त्याच संध्याकाळी अनामत उचलून निघून जाईल.

इथेरियमचा इतिहास तर याहून कडक आहे. नोव्हेंबर २०२० पासून लोकांनी तेथे अनामती ठेवल्या, त्या काढण्याची सोय १२ एप्रिल २०२३ रोजी झाली. दोन वर्षांहून अधिक काळ दार फक्त आत उघडत होते. तरीही त्याला कोणी फसवणूक म्हटले नाही, कारण ही अट पहिल्या दिवसापासून जाहीर होती आणि सर्वांना सारखी होती. आजही तेथे बाहेर पडण्यासाठी रांग आहे. ठरावीक काळात ठरावीक अनामतीच सोडल्या जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये ही रांग चाळीस दिवसांच्या वर गेली होती. पितळी बिल्ल्याची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था आहे. वाट पाहावी लागते, पण कोणाच्या मर्जीची नव्हे, आणि मागून आलेला ओळखीच्या बळावर पुढे जाऊ शकत नाही.

नियम प्रामाणिक असले म्हणजे पैसा सुरक्षित राहतो, असेही नाही. मे २०२२ मध्ये टेरा या जाळ्याचे लूना हे टोकन महिन्याच्या आरंभी ८० डॉलरच्या आसपास होते, आणि १३ तारखेपर्यंत त्याची किंमत एका सेंटच्याही खाली गेली. लूना ज्यांनी प्रतिनिधीकडे सोपवली होती त्यांना बाहेर पडण्यास २१ दिवस लागणार होते. त्यांची टोकने कोणी चोरली नाहीत. मुदत संपल्यावर ती त्यांना पूर्ण संख्येने परत मिळणारच होती, फक्त त्या संख्येला अर्थ उरला नव्हता.

मोबदल्याबद्दलही येथेच बोललेले बरे. वर्षाला दहा, पंधरा टक्के मोबदला मिळतो तो येतो कोठून? काही अंश व्यवहारांच्या शुल्कातून येतो. उरलेला, आणि पुष्कळ जाळ्यांत तोच मोठा, नवी टोकने छापून येतो. कॉसमॉसच्या नियमांत आरंभी ही वाढ वर्षाला ७ ते २० टक्के अशी ठेवलेली होती. सर्वांनीच टोकने गुंतवली तर प्रत्येकाची संख्या वाढेल आणि कोणाचाही हिस्सा वाढणार नाही. महागाई भत्त्याच्या हप्त्यावर संसार चालवणाऱ्या नोकरदाराला आकडा वाढणे आणि ऐपत वाढणे यांतील फरक अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने समजावून देण्याची गरज नाही. तोच माणूस भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील टक्केवारीपुढे हा फरक विसरतो, हे नवल होय.

दुसऱ्याच्या हातची किल्ली

महाराष्ट्राने या क्षेत्रातील सर्वात मोठा धक्का सोसला तो ‘गेनबिटकॉइन’ योजनेत. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत बिटकॉइन सोपवणाऱ्यास दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे वचन होते. पुढे बिटकॉइन देणे थांबले आणि त्याऐवजी चालकांनी स्वतःच निर्माण केलेले, फारच कमी मोलाचे ‘एमकॅप’ नावाचे टोकन लोकांच्या गळ्यात मारण्यात आले. योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाज यास पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने ज्या शहरांत झडत्या घेतल्या त्यांत पुणे आणि कोल्हापूर यांच्याबरोबर मराठवाड्यातील नांदेडही होते. या प्रकरणातील एक उपकथा विशेष बोलकी आहे. पुणे पोलिसांनी तपासात मदतीस घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. आरोपींचे आभासी चलन परस्पर वळते केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. किल्ली ज्याच्या हाती जाते त्याच्या हाती धनही जाते, मग तो चालक असो की तपासात मदत करणारा.

लबाडीचा आरोप नसतानाही हेच घडू शकते. मुंबईच्या वझीरएक्स या बाजारमंचावर १८ जुलै २०२४ रोजी चोरट्यांनी सुमारे २३ कोटी डॉलरचे आभासी धन पळवले आणि सर्वांचे पैसे काढणे थांबले. रुपये काही अंशी लवकर मोकळे झाले, पण आभासी चलनाच्या खातेदारांना सिंगापूरच्या न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत थांबावे लागले, आणि मंच पुन्हा उघडला तो ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस. बाजारमंचावर ‘स्टेक’चे बटण दाबणारा पुष्कळदा असे समजतो की, आपण जाळ्यातील प्रतिनिधीला ठराव दिला. वस्तुतः त्याने टोकने त्या मंचाच्या स्वाधीन केलेली असतात. पुढे त्यांचे काय करायचे ते मंच ठरवतो. जाळ्यात त्या खातेदाराचे नावही नसते, क्रमांकही नसतो.

मराठवाड्याच्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरची आदर्श पतसंस्था आणि बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट यांच्या दारांत ठेवीदारांनी ज्या रांगा लावल्या, त्यांतल्या पासबुकांवरही आकडे पूर्ण होते. फरक एवढाच की पतसंस्थेला दार होते, त्या दारावर पाटी होती, आणि मोर्चा नेण्यास निबंधकाची कचेरी होती. आभासी योजनेच्या गुंतवणूकदाराला दार म्हणून एका माणसाचे घरच सापडते. जानेवारी २०२३ मधील फिर्यादींनी जे चित्र पुढे आणले ते वसुलीच्या या मार्गाचे होते.

कायद्याने अद्याप याची पुरती दखल घेतलेली नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का उद्गम करकपात आणली. तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्यास मनाई केली. परंतु गुंतवलेल्या टोकनांवर मिळणाऱ्या मोबदल्याचा स्वतंत्र उल्लेख त्या तरतुदींत नाही. बँक ठेवींना असलेले ५ लाखांपर्यंतचे विम्याचे संरक्षण येथे लागू नाही. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आभासी चलन ही मालमत्ता होय असा निर्वाळा दिला, हे चांगलेच झाले. परंतु मालमत्ता म्हटली की ती कोणाच्या ताब्यात होती हा प्रश्न ओघानेच येतो. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे. त्याच्या आधारे दाद मागणाऱ्याने ठेव कोणी स्वीकारली हे दाखवावे लागते, आणि शिक्षकाजवळ पुरावा म्हणून असते ते दलालाच्या बँक खात्यावर पाठवलेल्या रकमेचे चित्र आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण.

जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने फिर्याद नोंदवताना दोन रकाने वाढवले तरी पुष्कळ उजेड पडेल. एक, टोकने जाळ्याच्या कोणत्या पत्त्यावर होती. दुसरा, ती गुंतवल्याच्या नोंदीचा क्रमांक काय. ही खातेवही कोणालाही वाचता येते. पत्ता हाती असेल तर कोणत्याही संगणकावरून, दलालाच्या परवानगीवाचून, टोकने आहेत की नाहीत, कोणत्या प्रतिनिधीकडे सोपवली आहेत आणि मोकळी होण्यास किती दिवस उरले आहेत, हे पाहता येते. थोडी रक्कम काढून पाहण्याची जी कसोटी लोक वापरतात ती येथे उपयोगाची नाही. फसव्या योजना आरंभी लहान रकमा बिनतक्रार देतात, नव्याच्या पैशातून जुन्याला देतात, आणि तो जुनाच मग पुढचे दहा जण आणतो. पत्ता आणि नोंदीचा क्रमांक मागितल्यावर मात्र दलालाला एकतर तो द्यावा लागतो किंवा विषय बदलावा लागतो. पैसे देण्यापूर्वीच हे दोन रकाने भरून मागण्यास पोलिस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. आणि ज्यांनी पैसे आधीच दिले आहेत, परंतु ज्यांच्याजवळ असा क्रमांक नाही, त्यांनी आपल्या नावाने टोकन कधी विकत घेतलेच गेले नसावे, ही शक्यता धरूनच आपली फिर्याद लिहावी.